ओल कुठे ते नंतर, कधी ते आधी

श्रावण लागला की माझ्याकडे भिंतींचे फोटो यायला सुरुवात होते. पोपडे, पिवळे डाग, छतावर उमटलेले नकाशे. सोबत एकच ओळ: "मॅडम, गळती कुठून आहे सांगा." फोटोत डाग दिसतो, पाण्याची वाट दिसत नाही. पाणी लादीखालून सरकतं, स्लॅबच्या उतारावरून जातं, कधी विजेच्या वायरीच्या पाईपमधून उतरतं आणि भलत्याच खोलीत बाहेर पडतं. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. म्हणून मी फोटो पाठवणाऱ्याला उलट विचारते, ही ओल वाढते कधी? अंघोळीनंतर, पाऊस पडल्यावर, पाणी सुटण्याच्या वेळेला, की चोवीस तास सारखीच? बऱ्याचदा तेवढ्यावरच अर्धं निदान होतं, तेही एक लादी न फोडता. या वेळी आलेल्या प्रश्नांत नेमकी हीच माहिती फार थोड्यांनी दिली आहे. तरी उत्तरं देते.

आमच्या सोसायटीचं पाण्याचं बिल मागच्या दोन बिलांच्या जवळजवळ दुप्पट आलं आहे. राहणारी माणसं तेवढीच. प्लंबरने सगळीकडे फिरून "कुठेच लिकेज नाही" असं सांगितलं. वॉचमनही तेच म्हणतो. कमिटीने आता काय करावं? (सेक्रेटरी, नेरुळ)

आधी बिलावरचं रीडिंग आणि प्रत्यक्ष मीटरवरचं रीडिंग जुळतं का ते बघा. मीटर बंद किंवा नादुरुस्त असेल तर बिल सरासरीवर निघतं आणि मग तुम्ही नसलेली गळती शोधत बसता. रीडिंग जुळलं तर पुढचं काम रात्री एकच्या पुढे करायचं. तेव्हा बिल्डिंगमध्ये वापर जवळजवळ नसतो.

भूमिगत टाकीत पाणी सोडणारा व्हॉल्व्ह टाकीपाशीच बंद करा आणि मीटरपाशी जाऊन उभे राहा. बहुतेक मीटरवर आकड्यांच्या शेजारी एक छोटी चांदणी किंवा लाल त्रिकोण असतो. तो अगदी बारीक धारेवरही फिरतो. व्हॉल्व्ह बंद असताना तो फिरत असेल तर गळती मीटर आणि टाकी यांच्या मधल्या पाईपमध्ये आहे, आणि तिथे बहुधा पेव्हर ब्लॉक किंवा पार्किंगची फरशी असते. मात्र ही चाचणी लाईनला पाणी असतानाच करायची. नेमक्या वेळेला पाणी येणाऱ्या भागात, पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटं पाईपमधली हवासुद्धा मीटर फिरवते. तेव्हाचं रीडिंग धरू नका.

चांदणी थांबली, तर तो व्हॉल्व्ह बंदच ठेवा, पंपही बंद करा आणि दोन्ही टाक्यांत पाण्याच्या पातळीवर खडूने किंवा चिकटपट्टीने खूण करा. तीन तासांनी परत बघा. गच्चीवरची टाकी खाली गेली आणि भूमिगत टाकी तेवढीच राहिली, तर गळती गच्चीकडून खाली येणाऱ्या डाऊनटेक पाईपमध्ये किंवा घरांमध्ये आहे. भूमिगत टाकीच खाली गेली, तर टाकीला तडा आहे किंवा पंपाच्या सक्शन लाईनला, म्हणजे टाकीतून पाणी ओढणाऱ्या पाईपला. हे दुसरं जास्त गंभीर आहे. टाकीतून पाणी बाहेर जाऊ शकतं म्हणजे पावसाळ्यात आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी आतही येऊ शकतं, आणि तुमच्याकडे त्या जमिनीत ड्रेनेजचं चेंबर फार लांब नसतं.

तिसरी शक्यता मजेशीर आहे. गच्चीची टाकी उतरते आणि तळाची तेवढीच चढते. असं दिसलं की समजायचं, पंपाच्या पुढचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गेला आहे आणि वर चढवलेलं पाणी रात्रभर गुपचूप खाली परततं. पाण्याचा थेंबही वाया जात नाही, विजेचं बिल मात्र फुगतं. सानपाड्याच्या एका सोसायटीत मी स्वतः दोन दिवस डक्टमध्ये, म्हणजे पाईप जातात त्या उभ्या पोकळीत, टॉर्च मारत फिरले होते आणि शेवटी हे निघालं. तेव्हापासून टाक्यांवर खुणा केल्याशिवाय मी जिना चढत नाही.

पातळी किती उतरली ते मोजलंत की लिटर निघतात. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद टाकीत पाच सेंटिमीटर उतार म्हणजे ६०० लिटर. तीन तासांत ६०० म्हणजे ताशी २००. दिवसाला ४,८०० लिटर, महिन्याला १४४ घनमीटर, आणि बिल घनमीटरमध्येच येतं. हा आकडा तुमच्या वाढीव बिलाशी ताडून बघा. तो बिलातल्या वाढीपेक्षा खूप कमी आला, तर एक गळती सापडली पण आणखी एक शिल्लक आहे.

एवढं करून काहीच उतरलं नाही, तर टाकी भरत असताना बघा. भूमिगत टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता व्हॉल्व्ह) अडकला असेल तर पाणी ओव्हरफ्लो पाईपमधून थेट पावसाळी गटारात जातं. बिल्डरने तो पाईप "व्यवस्थित" जमिनीखालून नेलेला असतो, त्यामुळे ते कुणालाच दिसत नाही. पाणी सुटतं पहाटे, वॉचमन तेव्हा गेटवर असतो आणि तुमचा प्लंबर येतो अकरा वाजता. त्याला कुठेच लिकेज दिसलं नाही यात त्याची काही चूक नाही.

घरांकडे संशय वळला तर गच्चीवर प्रत्येक विंगच्या डाऊनटेकचा व्हॉल्व्ह एकेक करून बंद करा. ज्या विंगचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर टाकी उतरायची थांबते, ती विंग. मग तिथल्या घरांचे फ्लश टँक तपासायचे. त्याबद्दल पुढच्याच उत्तरात.

मी एकटा राहतो. वय ७४. रात्री सामसूम झाली की संडासातून बारीक "सूंऽऽ" असा आवाज येतो. कमोडमध्ये पाणी पडताना दिसत नाही. भास तर नाही ना? (ऐरोली)

भास नाही, काका. तुमचा फ्लश टँक गळतो आहे. टँकच्या तळाचं रबरी सील झिजलं की पाणी कमोडच्या भिंतीला चिकटून इतक्या पातळ थराने उतरतं की डोळ्यांना दिसत नाही. टँक मात्र पुन्हा पुन्हा भरत राहतो, त्याचा तो आवाज.

झोपण्यापूर्वी टँकमध्ये खाण्याचा लाल रंग चमचाभर टाका आणि फ्लश न करता अर्धा तास थांबा. कमोडमध्ये लाली उतरली तर सील बदलायचं. मात्र टँकमधलं पाणी उभ्या ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाला टेकलेलं दिसलं, तर दोष सीलचा नाही, आतला फ्लोट उंच लागलेला असतो आणि पाणी त्या नळीत सांडतं. मग फ्लोट थोडा खाली करायचा. टँक भिंतीच्या आत बसवलेला असेल तर झाकण उघडायच्या भानगडीत तुम्ही पडू नका. बाजूचा अँगल कॉक (टँकला पाणी सोडणारा छोटा नळ) रात्री बंद करून बघा, आवाज थांबला की प्लंबरला बोलवा. काम तासाभराचं आहे. "पूर्ण सेट बदलावा लागेल" असं म्हणाला तर आधी जुनं सील काढून हातात द्यायला सांगा.

आमच्या बाथरूमच्या छताला गेल्या वर्षापासून ओल आहे. आता बल्बच्या होल्डरजवळून थेंब पडतात. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, "आमच्याकडे सगळं कोरडं आहे, तुमचाच स्लॅब खराब." सोसायटीही हात वर करते. (गृहिणी, नौपाडा, ठाणे)

ताई, हे उत्तर वाचायच्या आधी त्या दिव्याचा एमसीबी (विजेच्या बोर्डावरचा खटका) खाली करा. होल्डरमधून पाणी येत असेल तर तो दिवा वापरायचाच नाही, "ओले हात लावायचे नाहीत" एवढ्यावर भागत नाही. गीझर त्याच बाजूला असेल तर त्याचंही तेच. इलेक्ट्रिशियनने वायरिंग तपासेपर्यंत बाथरूममध्ये बाहेरून उजेड घ्या.

आता काकूंकडे येऊ. त्यांच्याकडे कोरडं आहे हे खरंच असेल. जुन्या इमारतींत संडास-बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी आणि चुन्या-सिमेंटने भरून वर लादी बसवलेली असते. तो भराव स्पंजासारखा पाणी पितो. वर लादी कोरडी, आत टब भरलेला, आणि खाली तुमच्या डोक्यावर थेंब. त्यामुळे काकू खोटं बोलतात असं धरून वर गेलात तर संभाषण दारातच संपेल.

एक आठवडाभर वही ठेवा. थेंब कधी पडतात, मिनिटाला किती, एवढंच. थेंबांखाली स्टीलचा पेला ठेवून तो भरायला किती वेळ लागतो ते लिहा. दोनशे मिलिलिटरचा पेला वीस मिनिटांत भरला तर दिवसाचे जवळजवळ साडेचौदा लिटर झाले. "खूप गळतं"पेक्षा हा आकडा कमिटीपुढे जास्त बोलतो. मग वहीकडे बघा.

थेंब दिवसरात्र एकाच गतीने पडत असतील, वरचे लोक गावाला गेले तरीही, तर भिंतीतली दाबाची लाईन गळते आहे. ताडून बघायचं असेल तर काकूंच्या बाथरूमचा व्हॉल्व्ह एक दिवस बंद ठेवायला सांगा. दाबाच्या लाईनची गळती असेल तर थेंब मंदावतात, पण लगेच नाही, भरावातलं पाणी निथळायला वेळ लागतो. सकाळी साडेसात ते नऊ, म्हणजे त्यांच्या अंघोळींच्या वेळी आणि नंतर तासभर थेंब वाढत असतील, तर दोष न्हाणी ट्रॅपच्या (पाणी जायच्या जाळीखालच्या वाकलेल्या पाईपच्या) सांध्यात किंवा लादीखालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये. आणि फक्त जोराच्या पावसात वाढत असतील तर वरचं बाथरूम निर्दोष आहे. डक्टमधले बाहेरचे पाईप, त्या भिंतीचा गिलावा आणि खिडकीची कडा बघा.

ट्रॅप की लादी, हे वेगळं करायलाही सोपा उपाय आहे. ट्रॅपचं तोंड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या फडक्याने घट्ट बंद करायचं आणि बाथरूममध्ये इंचभर पाणी चोवीस तास भरून ठेवायचं. पातळी उतरली आणि खाली थेंब वाढले तर लादीचे सांधे किंवा वॉटरप्रूफिंग. काहीच झालं नाही, मग फडकं काढून रंग घातलेलं बादलीभर पाणी ट्रॅपमध्ये ओतल्यावर खाली रंगीत थेंब आला, तर ट्रॅप. रंग वापरताना लाल नको, हिरवा घ्या. गंजाचं पाणीही लालसरच असतं आणि मग वाद वाढतो. ही परीक्षा काकूंच्या घरात करायची आहे, त्यामुळे ती त्यांच्या सोयीच्या दिवशी, त्यांचा प्लंबर आणि कमिटीचा एक माणूस समोर ठेवून करा.

सोसायटीला हात वर करता येणार नाहीत. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याची वाटणी आहे. पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरचे सामायिक पाईप आणि ड्रेनेज लाईन यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने. संडास, सिंक वगैरेंमुळे होणारी घरातली अंतर्गत गळती त्या त्या सदस्याच्या खर्चाने, सोसायटीला कळवून. पूर्वसूचना देऊन सदनिकेत जाऊन पाहणी करण्याची तरतूदही त्यात आहे. म्हणजे खर्च कुणाचा हे कारण ठरल्यावर ठरेल, पण कारण शोधायला पुढे यायचं काम कमिटीचं आहे. तुमच्या सोसायटीने कोणते उपविधी मंजूर केले आहेत त्याची प्रत मागा आणि अर्ज लेखी द्या. पोच घ्या. सोबत वहीच्या पानांची झेरॉक्स जोडा.

आणि एक न मागितलेला सल्ला. आधी चहाच्या वेळेला वर जाऊन या. डागाचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकण्याचा मोह आवरा. मी पाहिलेल्या अशा भांडणांत गळती दुरुस्त झाली तरी बोलणं सुरू झालं नाही, आणि सुरुवात प्रत्येक वेळी ग्रुपवरच्या फोटोने झाली होती.

दुरुस्तीनंतर छत लगेच रंगवू नका. भराव आणि स्लॅब वाळायला काही आठवडे लागतात. तोवर डाग जैसे थे दिसेल आणि "काम फुकट गेलं" असं वाटेल. डागाच्या कडेवर पेन्सिलीने रेघ ओढून तारीख टाका. रेघेबाहेर डाग गेला नाही तर काम झालं आहे.

मानपाड्याजवळ सेवा रस्त्यावर रोज पहाटे पाणी वाहतं, आठच्या सुमारास थांबतं. दोनदा फोन केला. एकदा म्हणाले ही आमची लाईन नाही, एकदा म्हणाले माणूस येऊन गेला, गळती सापडली नाही. तक्रार करायची कुठे आणि कशी? (घोडबंदर रोड, ठाणे)

"माणूस येऊन गेला, सापडली नाही" हे खरं असणार. पाणी पहाटे वाहतं आणि माणूस दुपारी आला. तुमच्या तक्रारीत वेळ नव्हती. ठराविक वेळी सुरू होऊन थांबणारं पाणी म्हणजे वितरण वाहिनी, ज्यात दाब फक्त पाणी सोडल्यावर असतो. चोवीस तास वाहत असतं तर मोठी जलवाहिनी किंवा ड्रेनेज, असा तर्क केला असता.

"आमची लाईन नाही" हेही ठाण्यात अगदीच बहाणा नसतो. ठाणे महापालिकेला स्वतःच्या योजनेतून, स्टेम या पाणी पुरवणाऱ्या कंपनीकडून, एमआयडीसीकडून आणि मुंबई महापालिकेकडून असं चार ठिकाणांहून पाणी मिळतं. वर मुंबईला जाणाऱ्या मोठ्या वाहिन्या आणि बोगदे ठाण्याच्या हद्दीतून जातात. किसननगर भागात कुणीतरी कूपनलिका खोदली आणि खाली मुंबईच्या जलबोगद्याला भोक पडलं, ते आठवत असेल. त्या दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून महिनाभरासाठी मुंबईत १५ टक्के पाणीकपात जाहीर झाली होती. जमिनीखाली कुणाचं काय आहे हे फोन उचलणाऱ्याला ठाऊक असेलच असं नाही. नवी मुंबईत हा गोंधळ कमी आहे. महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण असल्यामुळे बहुतेक ठिकाणी मालक एकच असतो.

म्हणून तक्रार फोनवर न थांबवता माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीच्या पाणीपुरवठा विभागाकडे लेखी किंवा ऑनलाइन द्या. असं लिहा: "सेवा रस्त्याच्या इमारतींकडच्या बाजूला, दिव्याच्या खांब क्रमांक अमुकपासून दहा पावलांवर, पहाटे पाच ते आठ या वेळेत पाणी जमिनीतून वर येते. आठनंतर थांबते. पाणी स्वच्छ आहे, वास नाही. तमुक तारखांना पाहिले." सोबत पंधरा सेकंदांचा व्हिडिओ. त्यात दुकानाची पाटी किंवा खांब दिसला पाहिजे, नुसतं डबकं दाखवू नका. शेवटी एक वाक्य: "पाहणी पाणी सोडण्याच्या वेळेत करावी." तक्रार क्रमांक घ्या. आठवडाभरात हालचाल नसेल तर तोच क्रमांक लिहून कार्यकारी अभियंत्यांना पत्र द्या. पुढची पायरी राज्य सरकारचं "आपले सरकार" पोर्टल. नव्याने तक्रार नोंदवत राहू नका, तीन क्रमांक झाले की कुणीतरी दोन बंद करतं आणि तिसराही त्यांच्याबरोबर बंद होतो.

पाणी तुमच्याच इमारतीच्या जोडणीतून येत नाही ना, हेही बघून घ्या. मुख्य वाहिनीपासून मीटरकडे येणारी जोडणी बहुतेक वेळा ग्राहकाच्या जबाबदारीत धरली जाते. ती परवानाधारक प्लंबरकडून, महापालिकेची परवानगी घेऊन दुरुस्त करावी लागते. आणि त्या जागी डांबर फुगलं किंवा खचलेलं दिसलं तर वेळेची वगैरे वाट न बघता आपत्कालीन कक्षाला कळवा आणि लोकांना तिथून गाडी नेऊ देऊ नका. खालची माती वाहून गेलेली असते.

पाणी सुटलं की पहिली दहा मिनिटं नळाला गटारासारखा वास येतो, मग साफ येतं. आमची चाळीची लाईन गटारातूनच येते. हे गळतीत मोडतं का? घरात लहान मुलं आहेत, जाऊबाई गरोदर आहे. (कळवा)

मोडतं, आणि या पानावरच्या सगळ्या प्रश्नांत हा पहिला सोडवायला हवा. पाणी चालू असताना पाईपच्या छिद्रातून बाहेर जातं. पाणी बंद झालं की पाईपमधला दाब जातो आणि त्याच छिद्रातून गटारातलं पाणी आत येतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या धारेबरोबर ते तुमच्या हंड्यात. कुणी नळाला थेट मोटार लावत असेल तर ती हे पाणी आणखी जोराने ओढते. थेट मोटार नियमांतही बसत नाही, पण मला जास्त काळजी त्या ओढण्याची वाटते.

तक्रारीत "गळती" लिहू नका. "पिण्याच्या पाण्यात दूषित पाणी मिसळत आहे" असं लिहा, किती घरांत, आणि कुणाला जुलाब किंवा कावीळ झाली असेल तर तेही. पाणीपुरवठा विभागाबरोबर प्रभागाच्या आरोग्य केंद्रालाही त्याची प्रत द्या. कर्मचारी आले की त्यांना पहिल्या पाच मिनिटांतल्या पाण्याची ओटी चाचणी करायला सांगा. छोट्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकतात, क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे नळापर्यंत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. पहिल्या पाण्याला रंग नाही आणि नंतरच्या पाण्याला पिवळा येतो, असं झालं तर तुमचं म्हणणं तिथल्या तिथे सिद्ध झालं.

तोपर्यंत वास जाईपर्यंतचं पाणी पिण्याला आणि भांड्यांना घेऊ नका, संडासात ओता. वास गेल्यानंतरचं पाणीही खळखळून उकळून प्या. तुरटीने पाणी निवळतं, जंतू मरत नाहीत. जाऊबाईंना उकळलेल्याशिवाय एक घोट देऊ नका. हेपेटायटिस ई ही दूषित पाण्यातून होणारी कावीळ गरोदर बायकांना जिवावर बेतू शकते, आणि कावीळ दिसते ती पाणी पोटात गेल्यावर काही आठवड्यांनी. "परवा प्यायलो, काही झालं नाही" याला अर्थ नाही.

चाळीतल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन लाईन गटारातून काढून वरून, भिंतीच्या कडेने घ्यायची मागणी करा. सांध्यावर रबर गुंडाळून ते दोन महिने पुढे ढकलता येतं, संपत नाही.

वाशीत तळमजल्यावर सिडकोच्या जुन्या घरात राहतो. भिंतींना गुडघ्याच्या वर ओल, पांढरी पूड झडते. एक म्हणतो पाईप फुटलाय, दुसरा म्हणतो खाडीचं पाणी. कुणाचं ऐकू?

पांढरी पूड म्हणजे भिंतीतून वर आलेले क्षार. सगळ्या बाहेरच्या भिंतींना साधारण एकाच उंचीपर्यंत पट्टा असेल तर जमिनीतली ओल वर चढते आहे. वाशीतला बराचसा भाग खाडीकाठच्या दलदलीवर भराव टाकून उभा आहे, त्यामुळे यात नवल काही नाही. एकाच भिंतीला, एका जागेपासून सगळीकडे पसरणारी ओल असेल तर पाईप. तुमच्या पत्रात कुठली ते नाही.

मीटर तुमच्या एकट्याचं असेल तर सगळे नळ बंद करून दोन तासांच्या फरकाने रीडिंग घ्या. हललं नाही तर पाईप फुटल्याचं बोलणं जवळजवळ संपलं. दुसरं, भिंतीवर हातभर जाड प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आत, भिंतीकडून थेंब जमले तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूने जमले तर ते हवेतलं बाष्प आहे, खिडक्या उघडा. कोपऱ्यात पाणी साठत असेल तर टीडीएस मीटर (पाण्यातले क्षार मोजणारं) आधी स्वयंपाकघरातल्या नळाच्या पाण्यात आणि मग त्या पाण्यात बुडवा. धरणाच्या पाण्यात क्षार कमी असतात, खाडीकाठच्या जमिनीतल्या पाण्यात पुष्कळ. मात्र भिंतीवरून ओघळलेलं पाणी घेऊ नका, ते भिंतीतलेच क्षार घेऊन येतं आणि आकडा फसवतो.

"वॉटरप्रूफ" रंग मात्र ओल्या भिंतीवर पावसाळ्यात लावू देऊ नका. ओल आत कोंडते आणि गुडघ्याची कमरेपर्यंत चढते.

लिकेज शोधायला थर्मल कॅमेरा घेऊन येणाऱ्या कंपन्या बऱ्याच पैशांचं कोटेशन देतात. बोलवावं का? (खारघर)

वर सांगितलेलं सगळं करून झालं असेल आणि तरीही कोडं सुटत नसेल तर बोलवा. कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, तापमानातला फरक दिसतो. गीझरच्या गरम पाण्याची लाईन गळत असेल तर तो छान दाखवतो. जुलैतल्या दमट हवेत, थंड लाईनवर, त्याचा रंगीत नकाशा बघून फक्त आपण भारावतो. माणूस ओलाव्याचं मीटर घेऊन येतो का, आणि शेजारच्या कोरड्या भिंतीचं रीडिंग तुलनेला घेतो का, हे आधी विचारा. एकाच जागी मीटर टेकवून "बघा, किती ओलं!" म्हणणाऱ्याला चहा देऊन परत पाठवा.

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पाईपवर किंवा व्हॉल्व्हवर ठेवून मुठीला कान लावणं ही आमच्या पाणीपुरवठा खात्यातली जुनी पद्धत. रात्री दोनला, पंखे बंद करून, दाबाखालच्या गळतीची फुसफुस स्पष्ट ऐकू येते. माझ्याबरोबर काम करणारे एक मुकादम नुसत्या कानावर रस्त्यात खडूने फुली मारायचे आणि खोदल्यावर सांधा बहुतेक वेळा हातभर अंतरात सापडायचा. एवढा कान तयार व्हायला वर्षं जातात. घरातला अँगल कॉक ऐकायला मात्र तुमचा-माझा कान पुरतो. ते न करता लाद्या फोडायला लागणं म्हणजे साप म्हणून भुई धोपटणं.

गणपतीला दहा दिवस गावी, कुडाळला जातो. गेल्या वर्षी परत आलो तर जेट स्प्रेची नळी फुटून हॉलपर्यंत पाणी, आणि खालच्यांच्या छताचं प्लास्टर खाली. या वर्षी काय काय बंद करून जाऊ? (कोपरखैरणे)

जेट स्प्रेची नळी सतत दाबाखाली राहायला बनवलेली नसते. वापर झाला की तिचा अँगल कॉक बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा, गणपती असो नसो. वॉशिंग मशिनच्या नळीलाही तेच.

जाताना घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. गीझर आधी बटणावरून बंद, मग पाणी. आता यातली खरी मेख: तुमचा मुख्य व्हॉल्व्ह बंद होतो का, हे तुम्ही कधी पाहिलं आहे? जुन्या घरांतले गेट व्हॉल्व्ह दहा-दहा वर्षं न फिरवल्यामुळे गंजून अडकतात. निघायच्या दिवशी, सामान दारात आणि रिक्षा खाली उभी असताना जोर लावला की दांडा हातात येतो. म्हणून आजच फिरवून बघा. पूर्ण बंद केल्यावर स्वयंपाकघरातला नळ उघडा ठेवून पाच मिनिटं थांबा. धार थांबली पण थेंब चालूच राहिले, तर व्हॉल्व्ह धरत नाही. गाडीची तिकिटं महिनोन् महिने आधी काढता, तर प्लंबरला पंधरा दिवस आधी बोलवा आणि त्या जागी बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. पाव फेरीत बंद होतो, आणि दांडा पाईपला आडवा दिसला की लांबूनही कळतं.

घराची किल्ली खालच्यांकडे ठेवून जा. गेल्या वर्षीच्या प्रकारानंतर ते ती नक्की घेतील.